विमानाचा दीड तास

मुंबई ते नागपूर विमानाने दीड तास लागतो असे सगळे सांगतात. माझे मत असे आहे की हे सांगणे अर्धवट आहे. खोटे नाही, पण अर्धवट आहे.

मी वर्गातल्या नकाशावर दोरा लावून मोजले. सरळ रेषेत अंतर सुमारे ६८० किलोमीटर भरले. विमान वर गेले की तासाला ८०० किलोमीटर जाते, असे बाईंनी सांगितले. भागाकार केला तर ५१ मिनिटे येतात. मग दीड तास का? तर विमान उभे असते त्या जागेवरून हलले की वेळ मोजायला लागतात आणि नागपूरला जाऊन पुन्हा उभे राहिले की थांबवतात. मध्ये ते जमिनीवर हळूहळू चालते, रांगेत थांबते. सांताक्रूझच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या फुलीसारख्या एकमेकींवरून जातात. म्हणून एका वेळी एकच वापरता येते. मला तर हे ऐकून हसूच आले.

रेल्वे सरळ जात नाही. ती मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असे करत जाते. कसाऱ्याच्या घाटात तिला मागून जादा इंजिने ढकलतात. तिचे अंतर ८३७ कि.मी. आहे. समृद्धी महामार्ग ७०१ कि.मी. आहे आणि तो २०२५ च्या जून महिन्यात पूर्ण सुरू झाला. पण तोही मुंबईत जात नाही, ठाणे जिल्ह्यात आमणे गावाजवळ संपतो.

आता आपले गाव मेहकर तालुक्यात. नकाशावरचा दोरा आपल्या तालुक्यावरूनच जातो. मागच्या वर्षी माझी आजी फार आजारी होती, तेव्हा काका डोंबिवलीहून निघाले. छत्रपती संभाजीनगरच्या विमानात जागा नव्हती म्हणून त्यांनी नागपूरचे तिकीट काढले. बाबा आजीला म्हणाले, "आई, दीड तासात येतो बघ तो." काका पहाटे चारलाच घरातून निघाले होते, कारण विमानतळावर दोन तास आधी बोलावतात. विमान साडेनऊला उतरले. मग ते स्टँडवर गेले, एस.टी.ची वाट पाहिली, आणि विमानाने जेवढे आले त्याच्या निम्म्याला थोडे कमी एवढे अंतर परत मागे आले. म्हणजे ते सकाळीच आमच्या डोक्यावरून गेले होते! आजी दाराकडे बघत होती. सारखी विचारायची, "झाला का गं दीड तास?" ती दुपारी गेली. काका आले तेव्हा दिवे लागले होते.

बाबांचे काही चुकले नाही. पेपरात तसेच छापतात. पण कोणी विमानतळावर राहत नाही, शहरातले लोकसुद्धा नाही. म्हणून मला वाटते की वेळ घराच्या दारापासून दुसऱ्या घराच्या दारापर्यंत सांगावा. म्हणजे वाट बघणाऱ्या माणसाला खरे कळेल.

पालकांनो, तुमचे कोणी मुंबईला, पुण्याला, सुरतेला असेल तर त्याला तिकडच्या घरून आपल्या पारापर्यंत यायला किती तास लागतात ते या कागदाखाली लिहा. जागा सोडली आहे आणि पेन्सिल दोऱ्याने बांधली आहे. मेहकरच्या स्टँडवर बसून राहिलेला वेळही त्यात धरा.