भाताच्या मुळाशी सिलिकॉनचा पहारा

जपानमधील तोयामा प्रांतात, जिन्झू नदीच्या काठी, गेल्या शतकात एक विचित्र व्याधी पसरली होती. रुग्ण ‘इताई, इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असे कण्हत. खोकल्याच्या उबळीनेही हाड मोडावे, इतकी दुर्बलता येई. त्यांत बहुसंख्य होत्या पाळी थांबलेल्या, उतारवयाच्या स्त्रिया. खाणीतले कॅडमियम नदीतून भातखाचरांत आणि तिथून ताटात आले होते. त्याने आधी मूत्रपिंडे आणि मग हाडे पोखरली. १९६८ मध्ये शासनाने हे कारण मान्य केले. शरीरात शिरलेले कॅडमियम मूत्रपिंडात दशकानुदशके मुक्काम करते. म्हणून, वाचकहो, ही चर्चा शेतीची असली तरी ज्येष्ठांच्या सदरात तिला जागा आहे.

बंगालच्या खोऱ्यात प्रश्न आर्सेनिकचा आहे. पाण्याखालच्या चिखलात आर्सेनिक असे रूप घेते, की भाताच्या मुळाला ते सिलिकॉनच वाटते. मुळांत सिलिकॉन आत घेणाऱ्या खास वाटा असतात. हा तोतया त्याच वाटांनी शिरतो. जमिनीत सिलिकॉन मुबलक असेल तर त्या वाटांवर खऱ्या पाहुण्याचीच गर्दी होते आणि तोतयाला शिरकाव कमी मिळतो. कॅडमियमशी सामना निराळा: सिलिकॉन मुळांच्या पेशीभित्तिकांत साचून त्याला तिथेच अडकवते, वर दाण्यापर्यंत जाऊ देत नाही. पहारा पूर्ण अभेद्य नसतो, हेही खरे. शिवाय खाचरात पाणी तुंबवले की आर्सेनिक मोकळे होते आणि पाणी काढले की कॅडमियम. शेतकऱ्याने करावे तरी काय?

आपल्याकडे डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत रोपवाटिकेला तुसाची काळी राख घालण्यास सांगितले आहे. हेतू रोपे कणखर व्हावीत हा. पण त्या राखेतले मुख्य द्रव्य सिलिकाच. शेतात परतणारे तूस आणि पेंढा म्हणजे सिलिकॉनची परतफेडच होय.

यावरून कोणी सिलिकॉनच्या गोळ्या घेऊ लागू नये. पहारा झाडाच्या मुळाशी आहे, आपल्या पोटात नव्हे. घरात करण्याजोगे वेगळे आहे. रक्तात लोह कमी असेल तर आतडी अन्नातले कॅडमियम अधिक शोषतात. तेव्हा आजीच्या पांडुरोगाकडे ‘वयच झाले’ म्हणून काणाडोळा करू नका, तपासणी करून घ्या. आर्सेनिकग्रस्त भागातला तांदूळ सहा ते दहा पट स्वच्छ पाण्यात शिजवून वेळल्यास त्यातले आर्सेनिक निम्म्याच्या आसपास उतरते. मात्र काही जीवनसत्त्वेही त्या पाण्यासोबत जातात, त्यांची भरपाई डाळ-भाजीतून करावी. विहिरीच्या पाण्यातच आर्सेनिक असेल तर वेळण्याचा उपयोग नाही. आधी पाणी बदलावे. आणि अशा ठिकाणी ती वेळलेली पेज आजारी माणसाला पथ्य म्हणून पाजू नये.