कपाशीच्या वावरातला धडा



२०१७ साली आलेल्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह' असा धडा आहे. पोरे गवत, नाकतोडा, बेडूक, साप ही साखळी पाठ करतात आणि मार्क मिळवतात. सहल नांदूर मध्यमेश्वरला जावी, जरूर जावी. जानेवारी २०२० मध्ये ते राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. पण मालेगाव, नांदगाव, येवल्याकडे शाळेपासून हाकेच्या अंतरावर कपाशीचे वावर असते. तिथली साखळी परीक्षेत येत नाही.

तिच्या अज्ञानाची किंमत आपण मोजली आहे. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमचे बिगरबीटीचे पाकीट यायचे. बहुतेकांनी ते पेरलेच नाही, कारण ते कशासाठी हे धड कोणी समजावले नाही. गोष्ट सोपी होती. बिगरबीटी झाडांवर साध्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग बीटी पचवलेल्या पतंगांशी जुळले की पुढची पिढी पुन्हा बीटीने मरते. कडेला थोडी वेगळी झाडे राखली तर सगळे वावर टिकते. जैवविविधता आणि स्थैर्य म्हणतात ते हेच. आपण पाकीट फेकले, वर फरदड घेतली, म्हणजे शेंदरी बोंडअळीला बारमाही खानावळ! २०१७ च्या हंगामात तिने महाराष्ट्रभर बोंडे पोखरली.

म्हणून हा धडा पोरांनी वावरात स्वतः शोधावा. इंडोनेशियात १९८९ पासून भातशेतकऱ्यांच्या शेतीशाळा अशाच चालल्या: दर आठवड्याला किडी आणि मित्रकीटक मोजायचे, मग फवारायचे की नाही ते ठरवायचे. जुलैत दोन तुकडे निवडा. एकात नुसती कपाशी. दुसऱ्यात कडेने ज्वारी, मधे चवळीची ओळ. फवारणी दोन्हीत नको. पोरांना विषात पाठवायचे नाही, आणि फवारल्यावर मोजायला उरते तरी काय? दर शनिवारी दहा-दहा झाडे पाहायची: मावा, तुडतुडे किती, ढालकिडे, क्रायसोपा, कोळी किती. पुढे कामगंध सापळा लावा. सापळ्यात रोज आठ पतंग सलग तीन दिवस आले, तर बोंडअळीने धोक्याची पातळी गाठली असे शास्त्र मानते.

उत्तर मास्तरांनी आधी सांगायचे नाही. त्यांनाही ठाऊक नसेल तर फारच बरे. कदाचित ज्वारीकाठच्या कपाशीत मावा जास्तही निघेल. मग का निघाला, हा पुढच्या शनिवारचा प्रश्न.

आणखी एक प्रश्न वहीत हवाच. कपाशीत पूर्वी तूर, मूग, ज्वारीची तासे असत, ती का गेली? शहरातले पर्यावरणवाले म्हणतील, शेतकरी हावरा. पोरांनी घरचा हिशेब मांडावा: मजुरी, पाखरांपासून राखण, ज्वारीला मिळालेला भाव. विविधता अडाणीपणाने गेली की बाजाराने घालवली, ते आकडेच सांगतील. हा हिशेब गाळणार असाल तर झाडे लावा, झाडे जगवाची फेरी काय वाईट होती?

जून उजाडण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा. दोन गुंठे जागा गावाने द्यावी, आणि बिनफवारणीचे ते पीक बुडाले तर भरपाई कोणी करायची हेही त्याच बैठकीत ठरवून घ्यावे.