उसाचा काटा आणि माणसाचा कणा

कारखान्याच्या काट्यावर उसाची प्रत्येक गाडी तोलली जाते. परंतु मोळी डोक्यावर घेऊन ती गाडी भरणाऱ्या बीडच्या मजूर स्त्रीच्या कण्यावर किती भार पडला, हे कोणी मोजीत नाही. 1948 च्या कारखाने कायद्याचे 34 वे कलम इजा होईल असे ओझे उचलावयास लावण्यास मनाई करीत होते. पण तो कायदा उसाच्या फडापर्यंत कधी पोहोचला नाही. 2019 साली या स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी झाली. ती शरीर झिजल्यानंतरची मोजदाद होती. आज मोबाइलच्या चित्रफितीवरून वाकलेल्या पाठीचा कोन मोजता येतो. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने ही मोजणी फडावर न्यावी. मात्र ती ओझे उतरविण्यासाठी असावी, अधिक काम उपसण्यासाठी नव्हे.