रेघ ओढण्याआधी

पावसाळी उधाणात वसईच्या भुईगाव, राजोडी, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या मुळांखालची वाळू निघून जाते आणि वर्षानुवर्षांची झाडे आडवी होतात. त्या झाडांमागे कुणाची केळीची वाडी असते, कुणाचे घर, कुणाची मासळी सुकवण्याची जागा. समुद्र आत येतो तो डोळ्यांना दिसतो. आपल्या सातबाऱ्यावरून नकाशातली कुठली रेघ गेली आहे, हे मात्र बहुतेकांना घराची दुरुस्ती अडते किंवा नोटीस हातात पडते तेव्हाच कळते. तोवर हरकतीची मुदत संपलेली असते. वसईच्या किनारी माणसाचे सर्वाधिक नुकसान या उशिराने केले आहे.

भरतीरेषा, ना-विकास क्षेत्र, हरितपट्टा, पूररेषा, रस्त्याचे आरक्षण. यांतल्या बहुतेक रेघा पक्क्या होण्याआधी कायदा नागरिकाला बोलण्याची संधी देतो. ती संधी त्याच्या दारापर्यंत पोहोचवणे हे शासनाचे काम आहे आणि ती पकडणे हे गावाचे.

एके काळी यासाठी ग्रामसभा होती. 3 जुलै 2009 रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व भोवतालच्या ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महापालिका झाली आणि अनेक किनारी गावांतली ग्रामसभा संपली. गावांनी आंदोलन केले. 2011 मध्ये राज्य सरकारने 29 गावे वगळण्याचा निर्णय घेतला आणि तो न्यायालयात अडकला. त्या आंदोलनाकडे केवळ करवाढीची भीती किंवा पक्षीय राजकारण म्हणून पाहणे अन्यायाचे होते. आपल्या जमिनीविषयी, पाण्याविषयी जिथे उभे राहून बोलता येत होते ती जागा गेली, याची ती वेदना होती. पुढे जून 2020 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि साडेपाच वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते. जानेवारी 2026 च्या निवडणुकीने ते परत आले. सभागृह आले, पण भुईगावच्या वाडीवाल्याला वर्षातून चार वेळा बोलता येईल अशी जागा अजून आलेली नाही.

ही जागा मिळाली तर वसईकर तिचा उपयोग कसा करतात, हे 2016 मध्ये दिसले. मुंबई महानगर प्रदेशाच्या 2016-36 च्या प्रारूप प्रादेशिक योजनेविरुद्ध वसईच्या गावागावांतून हरकतींचे गठ्ठे गेले. चर्चच्या आवारात, देवळाच्या ओट्यावर बसून लोकांनी नकाशे समजून घेतले. हा आराखडा मराठीत द्या, एवढी साधी मागणीही त्यांना करावी लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालच्या 'हरित वसई' या पर्यावरणाच्या लढ्याने या मातीत रुजवलेली जागरूकता त्या गठ्ठ्यांमागे होती. डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदरासाठी जानेवारी 2024 मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हाही मच्छीमार मोठ्या संख्येने आले. पण सुनावणीपर्यंत प्रकल्पाचा आराखडा तयार झालेला असतो. सुरुवात त्याआधी, गावात व्हायला हवी.

म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक जमीनमालकाने काही गोष्टी आजच कराव्यात. आपला गट क्रमांक घेऊन किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यातले आपले स्थान पाहावे. त्याचे स्थानिक नकाशे 1:4000 प्रमाणाचे असतात, त्यात वाडी ओळखता येते. 2019 च्या किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचनेनुसार नियमांत बसणाऱ्या, स्वतः राहण्याच्या 300 चौरस मीटरपर्यंतच्या घराला स्थानिक प्राधिकरणच मान्यता देऊ शकते. हे माहीत असेल तर दलालाची गरज पडणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय किनारा समितीत पारंपरिक किनारी समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असावेत, असे नियम सांगतो. ते प्रतिनिधी कोण आहेत, हे कोळीवाड्यांनी आणि वाडवळ, सामवेदी, आगरी गावांनी विचारले पाहिजे. महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन आहे, माहितीचा अधिकार आहे. अर्नाळा, अर्नाळा किल्ला आणि पाणजू येथे आजही ग्रामपंचायत आहे. तिथल्या ग्रामस्थांनी धूपप्रतिबंधक बंधारा, जेट्टी, खारबंदिस्तीच्या उघाड्यांची दुरुस्ती यांचे ठराव ग्रामसभेत करून घ्यावेत. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो. गाव करील ते राव काय करील, हे जुने वचन इथे अक्षरशः खरे आहे.

मालकांची स्वतःचीही जबाबदारी आहे. वसईच्या वाड्यांतली बावखले, म्हणजे पावसाचे पाणी जिरवून विहिरी गोड ठेवणारी तळी, बहुतांशी खासगी मालकीची आहेत, अनेकदा भावकीत सामाईक. ती मातीने बुजवून जागा विकली की शेजारच्या विहिरीत खारे पाणी शिरते आणि पावसाला थांबायला जागा उरत नाही. जुलै 2018 च्या पुरात वसई पाण्याखाली गेली आणि मिठागरांतले कामगार अडकून पडले. त्यानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबईकडून कारणांचा अभ्यास करून घेतला. पाणी धरून ठेवणारी तळी हवीत, असे तज्ज्ञांनी सांगितले. आपल्या आजोबांनी ती खोदून ठेवली होती. खाजणातली तिवरे तोडून भराव टाकणारा आणि त्याकडे डोळेझाक करणारा, दोघेही गावाचे नुकसान करतात. सप्टेंबर 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आहे. हक्क मागणाऱ्याने हेही पाळले पाहिजे.

महापालिकेकडे आमच्या तीन मागण्या आहेत. कायद्यात तरतूद असलेल्या क्षेत्रसभा, म्हणजे मतदारांच्या सभा, किनारी गावांत प्रत्यक्ष भरवा आणि तिथल्या ठरावांवर काय केले ते लेखी कळवा. जुन्या विकास आराखड्याची मुदत 2021 मध्ये संपली आहे. नव्या आराखड्याचे प्रारूप मराठीत, गट क्रमांकांसह, प्रत्येक गावात लावा. हरकतींची मुदत सुरू होण्याआधी तो समजावून सांगणारा नगररचना अधिकारी गावात बसवा. आणि प्रत्येक बावखलाची नोंद त्या आराखड्यात जलसाठा म्हणून करा, ते राखणाऱ्या मालकाला मालमत्ता करात सवलत द्या. तळे राखणाऱ्याला पाणी चाखायला मिळाले, तर तळी राहतील.

आराखड्याच्या पहिल्या रेघेआधी अधिकारी वाडीत आला, बांधावर उभा राहिला आणि 'उधाणाचे पाणी कुठपर्यंत येते' असे त्याने तिथल्या म्हाताऱ्याला विचारले, तर वसईचे निम्मे मोर्चे आणि निम्मे खटले टळतील. ते उत्तर या किनाऱ्यावर घरोघरी आहे. ते विचारायला या.