मेमरी कमी पडली की अंदाज?



परवा माझा भाचा लॅपटॉपसमोर वैतागून बसला होता. तो इंजिनिअरिंगला आहे. प्रकल्पासाठी त्याच्याकडे जमिनीच्या उंचीच्या ५०,००० नोंदी होत्या, पण इकडे तिकडे विखुरलेल्या. मधल्या जागांची उंची काढून नकाशा भरायचा होता. याला अंतर्वेशन म्हणतात. पायथॉनमध्ये सायपाय वापरून प्रोग्राम चालवला की लगेच 'मेमरी एरर'. "मावशी, नवीन लॅपटॉपच लागणार!"

मी डीएड झालेली, मला पायथॉन कुठून येणार? पण विचारलं, "हा प्रोग्राम आत नक्की काय मांडतो रे?" तो म्हणाला, "प्रत्येक बिंदूची प्रत्येक बिंदूशी जोडी लावून मोठा तक्ता करतो."

मग वही काढली. ५०,००० गुणिले ५०,००० म्हणजे २५० कोटी चौकटी. एका चौकटीला ८ बाइट. झाले २,००० कोटी बाइट, म्हणजे २० जीबी! लॅपटॉपची मेमरी ८ जीबी. १६ जीबीचा घेतला असता तरी पैसे वायाच. १०,००० नोंदींचा तक्ता मात्र ०.८ जीबीत मावतो. नोंदी पाचपट झाल्या की मेमरी पंचवीसपट लागते.

उपाय फुकटचा निघाला. त्याच प्रोग्राममध्ये 'नेबर्स' अशी सोय आहे. प्रत्येक ठिकाणासाठी जवळचे ५० बिंदूच घ्यायचे, म्हणजे तक्ता फक्त २,५०० चौकटींचा. नकाशात कुठे कुठे बारीक सांधा दिसू शकतो, एवढं तपासायचं.

मला वाटतं, चूक त्या मुलाची नाही, आपली आहे. आपण गुणाकार शिकवतो, पण करण्याआधी "उत्तर साधारण किती येईल?" हे विचारत नाही. परीक्षेत अंदाजाला गुण कुठे असतात!

वर्गात हे करून बघा. ३० मुलांची नावं आडवी आणि उभी लिहिली तर चौकटी ९००. मुलं ६० झाली तर किती? बरीच मुलं १,८०० म्हणतील. लगेच चूक सांगू नका. फळ्यावर आधी २ नावांचा, मग ४ नावांचा तक्ता काढून त्यांनाच मोजू द्या. ३,६०० चं उत्तर ती स्वतः शोधतील.

पालकहो, मूल "मोबाइल स्लो आहे, नवीन घ्या" म्हणालं, तर दुकानात जाण्याआधी त्याच्या हातात वही-पेन्सिल द्या.