वेषाचा गुन्हा की पायाची चूक?

एखाद्या पुरुषाने स्त्रीवेष धारण करावा, पायांत उंच टाचेची पादत्राणे घालावीत आणि गिअरची मोटार स्वतः चालवीत परभणीहून गंगाखेडच्या रस्त्याला लागावे, एवढी कल्पनाही आपल्याकडील सभ्य समाजाला अस्वस्थ करण्यास पुरेशी आहे. अशी मोटार नाक्यावर अडविली गेली तर भोवती जमणाऱ्या घोळक्याच्या तोंडी एकच प्रश्न असेल: हा प्रकार कायद्याला चालतो तरी कसा? वस्तुतः तेथे प्रश्न एक नसून दोन असतात. पुरुषाने स्त्रीवेषात सार्वजनिक रस्त्यावर वावरणे हा गुन्हा आहे काय, हा पहिला. उंच टाचेच्या पादत्राणांनी मोटारीचे नियंत्रण नीट राहते काय, हा दुसरा. पहिला प्रश्न नागरिकाच्या स्वातंत्र्याचा आहे, दुसरा इतरांच्या जिवाचा. या दोहोंची गल्लत केली म्हणजे निरपराध माणसाला अकारण अपमान सोसावा लागतो आणि खरा धोका मात्र दुर्लक्षित राहतो.

पहिल्या प्रश्नाचा विचार करताना परभणीकरांना इतिहासात फार दूर जाण्याचे कारण नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात १३२९ फसलीमध्ये, म्हणजे इसवी सन १९१९ च्या सुमारास, हिजड्यांसंबंधी एक कायदा करण्यात आला. हैदराबाद शहरात, तसेच सरकार ठरवील त्या अन्य ठिकाणी राहणाऱ्या संशयित हिजड्यांची नोंदवही ठेवावी आणि नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेषात वा दागिने घालून रस्त्यावर दिसली तर तिला वॉरंटाशिवाय अटक करावी, असे त्यात नमूद होते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची होती. अर्थात ही कल्पना निजामाच्या दरबाराची स्वतःची नव्हे. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींसंबंधी जो कायदा केला, त्याच्या दुसऱ्या भागात हेच कलम होते; संस्थानाने त्याच नमुन्यावर आपला कायदा बेतला. दोन्हीकडे गृहीत एकच होते, ते असे की पुरुषदेहावरील स्त्रीवेष हाच भावी गुन्ह्याचा पुरावा होय. त्या माणसाने कोणाचे काय बिघडविले, हे विचारण्याची गरज राज्यकर्त्यांना भासली नाही.

पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग बनला. हैदराबादचा तो कायदा मात्र तेलंगण भागात पुस्तकात राहिला. देश प्रजासत्ताक झाल्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, जुलै २०२३ मध्ये, तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. तत्पूर्वी १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांसंबंधीच्या निकालात एक महत्त्वाचे तत्त्व सांगितले होते. व्यक्ती आपली लिंगओळख वेषातून, बोलण्यातून व वागण्यातून प्रकट करीत असते. हे प्रकटीकरण घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदातील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडते, असा त्या निकालाचा आशय आहे. पाठोपाठ तृतीयपंथीयांच्या हक्कसंरक्षणाचा कायदा २०१९ मध्ये संमत झाला आणि १० जानेवारी २०२० पासून अमलात आला.

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. स्त्रीवेष करणारा प्रत्येक पुरुष तृतीयपंथी असतोच असे नाही. काहींना तो वेष म्हणजे आपल्या खऱ्या अस्तित्वाची खूण वाटते. काहींना केवळ आवड असते. काहींचा तो पोटाचा व्यवसाय असतो. परंतु यांपैकी कोण कोणत्या वर्गातला, हे ठरविण्याची जबाबदारी नाक्यावरील शिपायावर टाकण्यात आलेली नाही. जे कृत्य घडतेवेळी प्रचलित कायद्याने गुन्हा नव्हते त्यासाठी कोणालाही दोषी धरता येत नाही, हे घटनेच्या विसाव्या अनुच्छेदातील तत्त्व सर्वांनाच लागू आहे. १९५१ च्या पोलीस अधिनियमात वेष पालटण्याचा उल्लेख आहे, हे खरे. परंतु सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात, गुन्हा करण्याच्या हेतूने चेहरा झाकलेला वा वेष पालटलेला माणूस आढळला तर, अशी त्यामागे अट आहे. त्या कलमाचा प्राण वेषात नसून हेतूत आहे. हेतूचा काही पुरावा हाती नसताना केवळ साडी पाहून माणसाला चौकीवर नेणे म्हणजे निजामाचा रद्द झालेला कायदा पुन्हा चालविण्यासारखेच आहे.

आता वाहनविषयक कायद्याकडे वळू. १९८८ चा मोटार वाहन कायदा चालकाच्या अंगावरील वस्तूंविषयी बोलतो, पण तो सुरक्षिततेपुरताच. दुचाकीस्वाराला शिरस्त्राण हवे. त्यातही पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तीला सूट आहे. मोटारीत पट्टा हवा. दुचाकीवर मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात अडकू नये म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी हवी, असे १९८९ चे केंद्रीय नियम सांगतात; हीच ती साडीसाठीची जाळी. भाड्याची वाहने चालविणाऱ्यांना गणवेशाचे बंधन आहे. परंतु खाजगी मोटार चालविणाऱ्याने धोतर नेसावे, विजार घालावी की लुगडे, याबाबत कायदा मौन पाळतो. सप्टेंबर २०१९ मध्ये दंडाच्या नव्या रकमा लागू झाल्या, तेव्हा लुंगी नेसून वा चप्पल घालून गाडी चालविल्यास दंड होतो अशी आवई उठली होती. तसा कोणताही दंड नाही, असा खुलासा केंद्रीय परिवहनमंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाला त्या वेळी करावा लागला. साडी किती वारांची, हे कायदा विचारीत नाही. ती चाकात अडकेल काय, एवढेच तो विचारतो. त्याची ही दृष्टी समाजाने आत्मसात करण्याजोगी आहे.

त्याच दृष्टीने दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे टाचेकडे, पाहिले पाहिजे. आणि येथे मात्र उदारपणाने सूट देऊन चालणार नाही. गिअरच्या मोटारीत तीन पायपट्ट्या असतात. डाव्या पायाकडे क्लच, उजव्याकडे ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटर. सरावलेल्या चालकाची उजवी टाच मोटारीच्या तळावर टेकलेली असते आणि तिच्याभोवती पाऊल फिरून एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर जाते. टाच हे त्या हालचालीचे बिजागर आहे. पादत्राणाची टाच तीन-चार इंच उंच आणि पेन्सिलीसारखी निमुळती असली म्हणजे हे बिजागर डळमळते. पाऊल आधीच पुढे ताणलेले असल्याने घोट्याला दाब देण्यासाठी वाव कमी उरतो. गुडघा वर येऊन चक्राच्या कडेला लागू शकतो. टोकदार टाच पायाखालच्या चटईत रुतते वा तिच्या कडेखाली अडकते. तळवा जाड असेल तर पट्टीचा अंदाजच लागत नाही आणि ब्रेकबरोबर शेजारची पट्टीही दाबली जाण्याचा संभव राहतो.

क्लचची अडचण याहून नाजूक आहे. पट्टी हळूहळू सोडताना यंत्राची शक्ती चाकांना कोठे मिळू लागते, तो क्षण चालकाला तळव्याने कळतो. चढावर थांबलेली मोटार मागे न घसरू देता पुढे काढणे याच जाणिवेवर अवलंबून असते. म्हणूनच केंद्रीय नियमांतील पंधराव्या नियमाने परवान्याच्या चाचणीत ही कसोटी घातली आहे. परभणीच्या परिसरात डोंगरी घाट नसले तरी काळ्या मातीवरचे रस्ते खचून त्यांना उंचवटे आलेले असतात. पाथरी-मानवतवरून परभणीमार्गे नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६१ वर गळिताच्या हंगामात उसाने लादलेले ट्रॅक्टर पुढे असतात. अशा वेळी क्षणोक्षणी गिअर उतरवावा लागतो आणि अवचित ब्रेक दाबावा लागतो. पाऊल पट्टीवर अर्ध्या क्षणाने उशिरा पोहोचले तर त्याची किंमत कोणा सायकलस्वार विद्यार्थ्याला मोजावी लागेल.

मात्र या धोक्याचा चालकाच्या लिंगाशी काहीही संबंध नाही. तीच पादत्राणे घालून एखादी प्राध्यापिका मोटार चालवीत असेल तरी धोका तेवढाच. ब्रिटनच्या वाहतूक संहितेतील ९७ वा नियमही स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही. पादत्राणे व वस्त्रे यांमुळे वाहनाच्या नियंत्रणात अडथळा येऊ नये, एवढेच सांगतो. गंमत अशी की उंच टाच मुळात स्त्रियांसाठी जन्मलीच नव्हती. इराणी घोडेस्वारांचा पाय रिकिबीत पक्का राहावा म्हणून ती निघाली आणि सतराव्या शतकात युरोपातील सरदारांनी ती मिरविली. जी वस्तू एका वाहनावर ताबा ठेवण्यासाठी पुरुषांनी वापरली, तीच दुसऱ्या वाहनावरचा ताबा घालवते. वस्तू कोणाच्या पायात शोभते यापेक्षा ती कोठे उपयोगी पडते हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

असे असताना स्त्रीवेषातील पुरुष हा धोका पत्करतो तरी का? उत्तर समाजाच्या वागण्यात सापडते. लहान शहरात घर माणसांनी भरलेले असते, गल्ली ओळखीची असते. बंद काचांची मोटार ही अशा माणसाला मिळणारी बहुधा एकमेव खोली. वेष तेथेच चढतो आणि तेथेच उतरतो. पादत्राणे बदलायची तर दार उघडावे लागते, खाली उतरावे लागते, आणि कोणी पाहील ही धास्ती असते. मग जे पायांत आहे त्यानिशीच इंजिन सुरू होते. आडोसा म्हणून निवडलेली ही खोली कायद्याच्या दृष्टीने मात्र खाजगी नाही. सार्वजनिक रस्त्यावरील खाजगी मोटार ही सार्वजनिक जागाच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बिहारच्या दारूबंदी कायद्याचा अर्थ लावताना म्हटले आहे. पाठीमागे लागलेल्या दुचाकीवरील टवाळखोरांना टाळण्यासाठी वेग वाढविला जातो तो याच धास्तीपोटी. समाजाने ज्याला लपायला लावले, त्याच्या लपण्याचा धोका अखेर समाजालाच भोगावा लागतो.

या धास्तीचे आश्चर्य अशासाठी वाटते की मराठी समाजाला स्त्रीवेषाचे वावडे कधीच नव्हते. नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व, यांच्या भामिनीच्या भूमिकेवर महाराष्ट्र लुब्ध झाला. घरंदाज स्त्रियांनी त्यांच्या नेसण्याचे अनुकरण केले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटातील तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने रंगविली. भारुडात लुगडे नेसून उभा राहणारा पुरुष गावोगावी भाविकांना हसवितो आणि अंतर्मुखही करतो. पडदा वर असेपर्यंत ज्याला टाळ्या मिळतात, तोच वेष रस्त्यावर आला की संशयाचा होतो. रंगभूमीवर प्रेक्षकाला ठाऊक असते की वेष उतरणार आहे; रस्त्यावर ती हमी नसते. खरी अस्वस्थता बहुधा एवढीच आहे. पण प्रेक्षकाची अस्वस्थता हा नटाचा अपराध ठरत नाही, तसा तो वाटसरूचाही ठरू नये.

गुन्हेगारही वेष पालटतात, तेव्हा पोलिसांनी डोळे मिटून घ्यावेत काय, असा आक्षेप घेतला जाईल. मुळीच नाही. गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास परवाना दाखविणे कायद्याच्या १३० व्या कलमाने प्रत्येक चालकाला बंधनकारक आहे, आणि स्त्रीवेषातील पुरुष त्याला अपवाद नाही. परवान्यावरील छायाचित्र व समोरचा चेहरा जुळत नसेल तर नाव, पत्ता, जन्मतारीख विचारून शहानिशा करता येते. २०१८ पासून परवाना विद्युत स्वरूपातही ग्राह्य धरला जातो, त्यामुळे नोंद पडताळणे अधिक सोपे झाले आहे. ही चौकशी दोन-चार मिनिटांची आहे. तिच्यासाठी माणसाला खाली उतरवून गर्दीपुढे उभे करणे, मोबाइलवर त्याची छायाचित्रे घेऊ देणे किंवा घरी कळविण्याची धमकी देऊन पैसे उकळणे यांतील काहीही आवश्यक नाही. यांपैकी शेवटची गोष्ट तर सरळ गुन्हाच आहे.

तेव्हा कर्तव्ये तिघांची आहेत. शिकवणी देणाऱ्या मोटार शाळांनी पहिल्याच दिवशी, स्त्री असो वा पुरुष, प्रत्येक शिकाऊ चालकाला पादत्राणांचा धडा द्यावा. तळ सपाट, पातळ आणि पायाला घट्ट बसणारा असावा. शोभेची पादत्राणे मागच्या आसनाखाली ठेवावीत, चालकाच्या पायांशी नव्हे, कारण घरंगळून ब्रेकखाली गेलेला जोडा पायातील टाचेइतकाच घातक ठरतो. पोलिसांनी परवाना, पट्टा आणि वाहन चालविण्याची रीत तपासावी व तेथेच थांबावे. आणि स्त्रीवेष करणाऱ्याने हे ओळखावे की वेषाचे स्वातंत्र्य घटनेने दिले असले तरी ते क्लचच्या पट्टीपर्यंत पोहोचत नाही. साडी नेसून, निऱ्या आवरून, सपाट चपलांनी त्याने खुशाल गंगाखेडपर्यंत जावे. उंच टाचा मुक्कामी पोहोचल्यावर घालाव्यात.

शंभर वर्षांपूर्वी या प्रदेशावर राज्य करणाऱ्यांनी माणसाचे वस्त्र पाहून त्याचा गुन्हा ठरविला. तो कायदा न्यायालयाने पुसून टाकला; नाक्यावरच्या आणि चौकातल्या नजरेतून तो पुसण्याचे काम मात्र शिक्षकांचे, पालकांचे व साध्या वाटसरूंचे आहे. वाहन चालविणाऱ्याच्या पावलाकडे अवश्य पाहावे, कारण त्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो. त्याच्या वस्त्रावर मात्र कोणाचेच काही अवलंबून नसते.