भट्टीला रविवार नसतो

भिलाईतील ख्रिस्ती तरुणाच्या रोजच्या जगण्यातील श्रद्धेचा विचार करायचा तर प्रारंभ चर्चच्या दारापासून न करता झोतभट्टीपासून करावा लागतो. झोतभट्टी, म्हणजे कामगारांच्या बोलण्यातील ‘ब्लास्ट फर्नेस’, ही लोहखनिज, कोक आणि चुनखडी वरून टाकून खालून तापलेल्या हवेचा झोत सोडणारी उभी भट्टी असते. ती एकदा पेटवली की वर्षानुवर्षे विझवत नाहीत, कारण आतला रस थिजला तर भट्टीच निकामी होण्याची भीती असते. म्हणून दर काही तासांनी तिचे तोंड फोडून सुमारे १,४०० ते १,५०० अंश सेल्सिअस तापमानाचा लोहरस बाहेर काढणारी माणसे दिवाळीला, ईदला आणि नाताळलाही कामावर असतात. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील २ फेब्रुवारी १९५५ च्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून या गावाचे घड्याळ पाळ्यांवर चालत आले आहे. ज्याची साप्ताहिक सुटी बुधवारी येते आणि ज्याची रात्रपाळी रविवारी सकाळी सहाला सुटते, त्या तरुणाला ‘रविवार पाळावा’ हा उपदेश निराळाच ऐकू येतो.

मंडळीतील, म्हणजे चर्चच्या समुदायातील, वडीलधारी माणसे अशा तरुणाला ‘श्रद्धेत कच्चा’ समजतात. त्यामागे काळजी असते हे मान्य करूनही हा निवाडा अन्यायाचा आहे, असे स्पष्टपणे म्हणणे भाग आहे. रविवारची सुटी ही ख्रिस्ती श्रद्धेइतकी जुनी नाही. ती रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या इ. स. ३२१ मधील आज्ञेतून आली आणि त्या आज्ञेतही शेतकऱ्यांना सूट होती, कारण पेरणीचा वाफसा सणवार पाहून येत नाही. त्याआधीची सुमारे तीनशे वर्षे ख्रिस्ती लोक सुटीविना उपासना करत होते. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्राजनला पाठवलेल्या पत्रात या लोकांची चौकशी करून हाती लागलेली माहिती दिली आहे. त्यानुसार ते ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमत, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गात, चोरी आणि विश्वासघात न करण्याची शपथ घेत, मग पांगत आणि पुन्हा एकत्र येऊन साधे जेवण घेत. उजाडण्यापूर्वी जमणे ही त्यांची हौस नव्हती. त्यांच्यात गुलाम होते, राबणारी माणसे होती, आणि दिवस त्यांच्या मालकीचा नव्हता. रात्रपाळी संपवून डोळे चुरचुरत असताना सायकल किंवा मोटारसायकल चर्चच्या आवारात उभी करणारा भिलाईचा कामगार या पहिल्या पिढीच्या जितका जवळ आहे, तितका इस्त्रीच्या कपड्यांत साडेआठची उपासना गाठणारा कदाचित नसेल.

प्लिनीच्या पत्रातील ते ‘साधे जेवण’ येथे महत्त्वाचे आहे, कारण ख्रिस्ती श्रद्धेची दैनंदिन बाजू पुन्हा पुन्हा ताटाशी येऊन थांबते. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत, म्हणजे ‘प्रभूच्या प्रार्थने’त, देवाच्या नावाचा, राज्याचा आणि इच्छेचा उल्लेख झाल्यावर लगेच भाकरीची मागणी येते. त्या भाकरीला मूळ ग्रीक भाषेत ‘एपिऊसिओस’ असे विशेषण लावलेले आहे. हा शब्द बायबलच्या नव्या करारात मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतील याच प्रार्थनेपुरता येतो, इतर ग्रीक लेखनात तो जवळजवळ सापडत नाही, आणि म्हणून त्याचा अर्थ ‘आजच्या दिवसाची’, ‘येणाऱ्या दिवसाची’ की ‘जगण्यापुरती आवश्यक’ यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. भिलाईतील चर्चांमध्ये हा मतभेद ग्रंथांत न राहता कानांवर पडतो, कारण केरळातून आलेली कुटुंबे मल्याळममध्ये ‘आवश्यक तो आहार’ मागतात, तेलुगू कुटुंबांच्या ओठी ‘अनुदिनाहारमु’ हा शब्द असतो, हिंदी उपासनेत दिवसभराची रोटी मागितली जाते आणि मराठी घरात रोजची भाकर. चारही भाषांतरांत साठवणीला जागा नाही: प्रार्थना एका दिवसाचे मागते, कोठाराचे मागत नाही. पगारवाढीची थकबाकी, क्वार्टरचा प्रश्न आणि ठेका मजुराची उद्याच्या हजेरीची अनिश्चिती यांतून वाट काढणाऱ्या तरुणाला या मर्यादेत आधार आहे आणि बोचणीही आहे, कारण तेथे ‘मला’ असे नसून ‘आम्हाला’ असे आहे, आणि त्या ‘आम्हा’त कायम कामगाराच्या शेजारी निम्म्याहून कमी मजुरीवर तेच काम करणारा ठेका मजूरही येतो.

मराठी घरातील भाकरीचा उल्लेख सहज केलेला नाही. भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तो १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांत-वऱ्हाडात आणि मग त्यातून झालेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता, नागपूर ही त्यांची राजधानी होती, आणि मराठी माणूस या पट्ट्यात परका कधीच नव्हता. मराठी ख्रिस्ती मात्र येथे दुहेरी अल्पसंख्य ठरतो. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात तो ख्रिस्ती म्हणून किंचित बाजूला असतो आणि मल्याळी किंवा हिंदी भाषक मंडळीत मराठी म्हणून. त्याला हे बहुधा कोणी सांगितलेले नसते की मराठी ख्रिस्ती साहित्यातील सर्वांत मोठ्या घटनेची वाट त्याच्या दारावरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच फुटली. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून नोकरीसाठी राजनांदगावला निघाले असताना गाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळक तेव्हा तिशीच्या आरंभी होते, संस्कृतचे जाणकार आणि कवी होते, आणि जातिभेदाने पोखरलेल्या समाजाला कोणता धर्म उभारी देईल या विचाराने व्याकूळ होते. त्या पुस्तकातील डोंगरावरील प्रवचनाने, म्हणजे मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतील ज्या उपदेशात वर सांगितलेली प्रार्थनाही येते त्याने, त्यांना बांधून ठेवले. दीड-दोन वर्षांच्या घालमेलीनंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, झाला. राजनांदगाव दुर्गपासून रेल्वेने तीसेक किलोमीटरवर आहे आणि हावडा-नागपूर-मुंबई हा तोच मार्ग भिलाईतून जातो. त्यावर धावणाऱ्या गाड्यांखाली आज भिलाईच्याच रेल मिलमधून निघालेले रूळ असतात.

टिळकांचे पुढील कार्य सर्वपरिचित असले तरी त्यातील एक गोष्ट तरुणांच्या दृष्टीने निर्णायक आहे. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी मराठी सोडली नाही. उलट अभंग, भजन आणि कीर्तन हे आपल्या मातीतील प्रकार त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले, तुकोबांचे ऋण उघडपणे मानले आणि परदेशी चालींवर बसवलेल्या ओढूनताणून केलेल्या भाषांतरांच्या जागी गळ्यातून सहज निघणारी गीते दिली. श्रद्धा रोजची व्हायची असेल तर ती रोजच्या भाषेत उतरावी लागते, हे त्यांनी सिद्धांत म्हणून मांडण्यापेक्षा गाऊन दाखवले. भिलाईतील ज्या तरुणाने शाळा हिंदीत, पदविका इंग्रजीत आणि उपासना मल्याळी वळणाच्या हिंदीत केली, त्याला आजीच्या तोंडची टिळकांची पदे म्हणजे जुन्या ट्रंकेतील वस्तू वाटतात. त्या पदांनी त्याची प्रार्थना मोकळी होऊ शकते हे त्याच्या ध्यानात येत नाही, आणि त्याचा दोष त्याच्यापेक्षा ती पदे न शिकवणाऱ्यांकडे अधिक जातो.

तरीही रोजच्या जगण्यातील श्रद्धेचा खरा अभ्यास करायचा तर टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्याकडे वळले पाहिजे. पतीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्या ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या त्यांच्याजवळ राहायला आल्या, तेव्हाही त्यांनी आपले सोवळे-ओवळे सोडले नव्हते. सोवळे म्हणजे स्पर्शाने विटाळू नये म्हणून अन्न, पाणी आणि वस्त्र यांभोवती आखलेली शुचितेची रेषा. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मकथनात ही रेषा पाण्याच्या घागरीभोवती, चुलीभोवती आणि कोणाच्या हातचे घ्यायचे या प्रश्नाभोवती कशी फिरत राहते, ते अत्यंत प्रांजळपणे आले आहे. त्यांच्यातील बदल कोणा मिशनऱ्याच्या व्याख्यानाने झाला नाही. माणसामाणसांतील उच्चनीचता देवाने केलेली असणे शक्य नाही, या निष्कर्षावर त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये राहुरीला झाला. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी पाण्याचा पेला बदलला आणि मग नोंदवहीतील धर्म, आणि या क्रमात जी सचोटी आहे ती धर्मांतराविषयीच्या आजच्या गदारोळात दोन्ही बाजूंना क्वचितच दिसते.

त्या गदारोळाचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण तो भिलाईच्या उंबरठ्यावर आहे. जुलै २०२५ मध्ये दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन धर्मभगिनींना धर्मांतर आणि मानवी तस्करीच्या आरोपांखाली अटक झाली आणि ऑगस्टच्या आरंभी बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने त्यांना जामीन दिला. खटल्याचा निवाडा न्यायालय करील. येथे प्रश्न आहे तो त्या स्थानकावरून रोज लोकलने ये-जा करणाऱ्या तरुणाचा, ज्याच्या पिशवीत बायबल असते आणि ते डब्यात उघडावे की नाही याचा विचार त्याला आता करावा लागतो. कॅन्टीनच्या लांब बाकावर चार जणांत बसून स्टीलचा डबा उघडणे, हेल्मेट शेजारी ठेवणे, आणि पहिल्या घासापूर्वी क्षणभर मान खाली घालून डोळे मिटणे, ही कृती दहा सेकंदांची आहे. तिने कोणाला बोलावले जात नाही, कोणाला कमी लेखले जात नाही. पण समोरच्याची नजर बदलेल या शंकेने ती तीन सेकंदांवर येते, मग नुसता श्वास घेण्याइतकी उरते आणि अखेर मनातल्या मनात होते. मनातल्या मनात केलेली प्रार्थना खोटी नसते, आणि डोंगरावरील त्याच प्रवचनात चव्हाट्यावरच्या प्रार्थनेपेक्षा दार लावून केलेल्या प्रार्थनेला मान दिलेला आहे. परंतु दार स्वतःहून लावणे आणि भीतीने लावणे यांत अंतर आहे, आणि ज्या गावात मल्याळी, तेलुगू, मराठी, ओडिया, पंजाबी आणि छत्तीसगढी माणसे पहिल्या दिवसापासून एकाच भट्टीपुढे घाम गाळत आली, तेथे हे अंतर वाढत जाणे मनाला लागते. त्याच बाकावर जोवर समोरचा गडी आपल्या डब्यातील ठेठरी-खुरमी हा छत्तीसगढी फराळ पुढे सरकवतो आणि हा आपल्या आईच्या हातचे लोणचे त्याच्या पोळीवर वाढतो, तोवर लक्ष्मीबाईंची ती रेषा येथे पुन्हा आखली गेलेली नाही, एवढे म्हणता येते.

मंडळ्यांकडून मात्र काही ठोस अपेक्षा ठेवणे वावगे नाही. उपासना म्हणजे सामुदायिक प्रार्थना, गायन आणि वचनपठण. तिची वेळ शास्त्राने ठरवून दिलेली नाही, ती सोयीने ठरली आहे, आणि ज्या गावाची सोय पाळ्यांवर ठरते तेथे पाळकांनी, म्हणजे मंडळीचे आध्यात्मिक नेतृत्व करणाऱ्या धर्मसेवकांनी, पाळ्यांचे वेळापत्रक पंचांगासारखे वापरायला हवे. आठवड्यातून एकदा, वार कोणताही असो, सकाळी साडेसहाला अर्ध्या तासाची उपासना ठेवता येईल. तिच्यात लांब प्रवचन नसावे, कारण ऐकणारा आठ तास उष्णतेपुढे उभा राहून आलेला असतो. एक पद मराठीत, एक मल्याळममध्ये, एक छत्तीसगढीत गावे, प्रभूची प्रार्थना ज्याने त्याने आपापल्या भाषेत एकाच वेळी म्हणावी, आणि भाकरीच्या शब्दापाशी सगळ्यांचे सूर वेगळे झाले तर होऊ द्यावेत. त्यानंतर चहा आणि काहीतरी गरम खायला असावे, म्हणजे घरी जाऊन झोपण्यापूर्वी ज्याला बोलायचे आहे त्याला बोलता येईल. गेटबाहेर ठेका मजुरांचा जथा याच वेळी चहाच्या टपरीवर थांबलेला असतो. त्यांच्यातील कोणी आत आला तर त्याला कपाआधी नाव विचारू नये.